भरावाआडचं गलबत

आमच्या गावाला मोठा इतिहास आहे असं सांगणारी माणसं मला लांबूनही ओळखू येतात. त्यांच्या तोंडात पान रंगलेलं असतं आणि भर दुपारी त्यांना काही काम नसतं. खाडीच्या तोंडाशी जुन्या धक्क्याच्या चार पायऱ्या उरल्या आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवून ती सांगतात, इथे अरबांची जहाजं लागत, इथे घोडे उतरत. उतरत असतील. पण ते घोडे लगेच घाट चढून गेले, एकही इथे राहिला नाही. जनावरालाही तेवढी अक्कल होती.

मी सांगतो ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांतलं. गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगड मागे टाकल्यावर लागणाऱ्या एका खाडीवर. गुरुवारी बाजार भरे. वरच्या गावांतले कुणबी भात, नाचणी आणि आमसुलं घेऊन उतरत, किनाऱ्यावरच्या बाया मीठ आणि सुकी मासळी मांडून बसत. धक्क्याला लागलेली गलबतं नारळ आणि लाकूड भरून मुंबईला जात, येताना कापड आणि घासलेटचे डबे आणत. एवढ्याला आमच्याकडे बंदर म्हणत. मग आगबोट सुरू झाली. चांगला माल तिने उचलला आणि गलबतं म्हाताऱ्याच्या दातांसारखी एकेक करून गेली.

आगबोटीवर सगळ्यात जास्त काय चढत असेल तर माणसं. गणपती बोळवले की गावातले धडधाकट पुरुष वळकट्या घेऊन धक्क्यावर उभे राहत आणि मुंबईच्या गिरण्यांकडे निघून जात. खरं म्हणजे आमच्या गावात एकच धंदा कायमचा चालला, माणसं बाहेर पाठवण्याचा. बाकीचे सगळे धंदे उद्घाटनापुरते.

आणि उद्घाटनांना तोटा नव्हता. म्युनिसिपालटीचे अध्यक्ष एक वकील होते. कोर्टात त्यांचं फारसं चालत नसे, त्यामुळे गावाचं भलं करायला ते मोकळे होते. त्यांनी आधी साबणाचा कारखाना काढला. साबणात खोबरेल घालायचं ठरलं होतं, पण ते परवडेना, म्हणून कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून तारल्या मासळीचं तेल घालायची कल्पना निघाली. तो साबण लावून माणूस न्हाणीतून बाहेर आला की दारातली मांजरं उठून उभी राहत. साबण बुडाला तेव्हा काड्यापेटीचा कारखाना निघाला, तोही ज्येष्ठ महिन्यात. ज्या गावात पावसाळ्याचे चार महिने बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, त्या गावात काड्यापेट्या! एक काडी पेटली नाही. मग आंब्याचा रस डब्यांत भरायचा कारखाना. रस उत्तम होता, डबे फुगले. नमुन्याचा एक डबा वाचनालयात शोभेला ठेवला होता, तो वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका पेन्शनराच्या अंगावर फुटला. त्या वाचनालयात कुणाला इतक्या चपळाईने उठताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दर वेळी पानसुपारी, दर वेळी गुलाबपाणी, दर वेळी फोटो. त्या फोटोंत मागच्या रांगेत टोपी घातलेला मीही आहे, म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर म्हणून. सुताराचा पोर ओव्हरसियर झाला याचं गावाला फार कौतुक होतं. गावाच्या कौतुकाची मला किळस होती. निदान मी तसं समजत होतो.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, गलबतं बांधत. खाडीच्या काठी माडांखाली आमची मोकळी जागा होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला देवळाचा चिऱ्यांचा गडगा, मागे डोंगर आणि पुढे पाणी. आजोबांनी तिथेच गलबतं बांधली, त्यांच्या बापाने तिथेच बांधली. मी शाळेत असताना तिथे चार-चार गलबतं एकदम उभी असत. मी नोकरीला लागलो तोवर एकावर आलं होतं.

त्यांची काम करायची रीत पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. कागद नाही, नकाशा नाही. एक डोळा मिटून ते फळीकडे बघत, दोरी धरत आणि लाकूड तासायचा वाकस चालवायला लागत. गलबताच्या बरगड्या वाकड्या लागतात, पण सरळ लाकूड कापून वाकडं करणं त्यांना मान्य नव्हतं. जो वाक हवा त्याच वाकाने वाढलेलं झाड सापडायला हवं. त्यासाठी ते थेट हातखंब्याकडच्या रानापर्यंत पायी जात आणि एका फांदीसाठी पाच-पाच महिने काम थांबवून ठेवत. मी एकदा सांगितलं, "आबा, फळी वाफवून वाकवता येते. पुस्तकात आहे."

ते म्हणाले, "मानूस पन वाकवता येतो रे. मंग तो जलमभर सरळ व्हायला बघतो."

याहून वेडगळ एक प्रथा होती. अपुऱ्या गलबतापुढे पाण्याचं नाव काढायचं नाही. शेवटची फट कापसाने आणि राळेने बुजेपर्यंत त्या जागेत खाडी, भरती, उधाण असला शब्द कोणी उच्चारायचा नाही. गलबत कधी उतरणार, कसं उतरणार हे तर त्याला हात लावणाऱ्यांनी घरीसुद्धा काढायचं नाही. चुकून कोणी बोललं की आबा हत्यार खाली ठेवत आणि त्या दिवसाचं काम बंद. गड्याला तहान लागली तर तो हाताचा द्रोण करून दाखवी, आणि दुसरा मुकाट्याने तांब्या आणून देई. घरी आई शुद्ध मराठीत पाणी मागत असे आणि घरात काही बुडत नसे, हे मी हसून सांगायचो. मी शिकलेला होतो ना.

शेवटचं गलबत बांधायला सांगितलं ते पूर्णगडच्या एका तांडेलाने, खलाशांच्या म्होरक्याने. त्याचं जुनं गलबत कुजलं होतं. त्याचे दोघे भाऊ मुंबईच्या गोदीत हमाली करायला गेले होते आणि याच्याही मागे लागले होते. तो आबांच्या समोर उकिडवा बसून म्हणाला, "मिस्त्री, दुसऱ्याच्या बोटीत कोळसा भरायला मी जन्मलो नाय. मला एक बांधून द्या. हे झालं तर मी ऱ्हातो, नाय तर मी पन चाललो."

आबांनी होकार दिला. त्यांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती. हे आपलं शेवटचं, हे त्यांना ठाऊक होतं. ते पाण्यात तरंगताना बघायचं, एवढीच एक इच्छा त्यांना उरली होती आणि ती त्यांनी, अर्थातच, कधी बोलून दाखवली नाही.

काम तीन वर्षं चाललं. त्यातल्या दुसऱ्या वर्षी गावाला मोटारीचं वेड लागलं.

घाटावरच्या मोटारी हातखंब्याला यायला लागल्या होत्या, रत्नागिरीत तर त्या पोरासोरांच्याही सवयीच्या झाल्या होत्या. अध्यक्षांनी सभेत सांगितलं की मोटार आली नाही तर गाव मागे पडेल. गाव पुढे कधी होतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, माझीही नाही. ठरलं असं की खाडीच्या काठाकाठाने दगडमातीचा उंच भराव घालायचा, त्यावरून धक्क्यापर्यंत रस्ता न्यायचा, म्हणजे मोटार थेट आगबोटीला भिडेल. आखणी करायची होती मी.

मी साखळी धरून मापं घेतली आणि नकाशा काढला. माझ्या आयुष्यातला तो पहिला मोठा नकाशा. बाजारापासून धक्क्यापर्यंत रेघ अशी सरळ आली की मी ती दोन दिवस भिंतीला लावून बघत बसलो. आमची गलबतांची जागा रेघेच्या आत, डोंगराच्या बाजूला पडली. त्या जागेवर मी शाईने लिहिलं, 'पडीक'. जिथे घर नाही आणि शेत नाही ती जागा नकाशात पडीक. त्या वेळी तिथे वीस बरगड्यांचं गलबत उभं होतं.

आमच्या जागेची पुढची कड भरावाखाली जाणार होती, म्हणून आबांची संमती हवी होती. अध्यक्ष स्वतः आले. धोतराचा सोगा वर धरून भुशातून चालत आले आणि म्हणाले, "मिस्तरी, तुमचाच फायदा आहे. उधाणाचं पाणी आत शिरतं ना, ते कायमचं बंद होईल."

उधाणाचं पाणी म्हटल्याबरोबर आबांनी वाकस खाली ठेवला. गड्यांनीही ठेवले. आबा गलबताकडे बघत राहिले, मग खाडीकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला वाटलं, सही कुठे करायची ते विचारतायत. मी कागदावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी सही केली.

तुम्हांला आता कळलं असेल. मला कळलं नव्हतं.

भराव घालायला खाडीवरचीच माणसं होती. त्यांच्यात आमचे जुने गडी होते, तांडेलाचे खलाशी होते. पुरुषभर उंच भराव चढला, दोन्ही अंगांना चिऱ्यांचे कठडे बसले, आणि भरावाच्या आतल्या अंगाला गलबतही चढत गेलं. बरगड्यांवर फळ्या आल्या, पुढची टोकदार नाळ वर निघाली. दुपारी भाकरी खायला दगड टाकणारी माणसं गलबताच्या सावलीत बसत आणि उठून पुन्हा भरावावर दगड टाकायला जात. कोणी एक शब्द बोललं नाही. भरावातून पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून मी एक मोरी ठेवली होती. तिच्यातून कुत्रं जाई.

दिवाळीनंतर शेवटची फट बुजली. बाहेरून माशाचं तेल लावून झालं, ऊन पडलं की गलबत चकाकायला लागलं. तांडेल पूर्णगडहून नारळ, ओटीचं सामान आणि पंचवीस माणसं घेऊन आला. आबांनी नाळेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्या जागेत मोठ्याने म्हणाले, "पानी."

म्हणजे आता बोलायला मोकळीक झाली. आणि सगळे एकदम बोलले. वर्षभर पोटात दाबून ठेवलेलं एकच वाक्य पन्नास माणसांच्या तोंडून बाहेर पडलं, "न्यायचं कुठनं?"

मी भरावावर उभा होतो, माझ्या सरळ रेघेवर. माझ्या एका बाजूला खाडी होती आणि दुसऱ्या बाजूला गलबत. असली चूक जगात दुसरीकडे कुठे होईल असं मला वाटत नाही. शहाण्या गावात कोणीतरी बोललं असतं. वेड्या गावात कोणी गलबत पुरं केलं नसतं. आमच्या गावात दोन्ही झालं.

तांडेल म्हणाला, "उतार करू. भरावावर चढवू, पलीकडं सोडू."

आबांनी मान हलवली. "कना मोडंल. मधोमध उचललं की गेलं."

एकच उपाय होता. गलबताच्या रुंदीएवढा भराव फोडायचा, उधाणाच्या दिवशी गलबत बाहेर काढायचं आणि फोडलेली जागा पुन्हा भरायची. चार दिवसांचं काम. माणसं फुकट करायला तयार होती. अर्ज गेला, सभा बसली.

त्या सभेला मी टिपणं घ्यायला हजर होतो. अडचण अशी की पुढच्या आठवड्यात जिल्ह्याचे साहेब मोटाररस्ता उघडायला येणार होते, त्यांच्यासाठी कमान उभी राहिली होती. एक सभासद म्हणाले, मिस्तरींनी गलबत लहान बांधायला हवं होतं. दुसरे म्हणाले, आहे तिथेच ठेवून त्यात वाचनालय करावं, हवा छान येईल. कापडाचे व्यापारी असलेले तिसरे म्हणाले, गलबताने अन्य मार्गाने जावे असा ठराव करू. कुणीच हसलं नाही. हा ठराव खरोखर लिहिला गेला, मीच लिहिला. शेवटी अध्यक्षांना आठवलं की आपल्याकडे तांत्रिक माणूस आहे. ते माझ्याकडे वळले. "ओव्हरसियर, भराव फोडून पुन्हा भरला तर चालेल का? दोन ओळी लिहून द्या."

आबा बाहेर ओट्यावर बसले होते. उघड्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती.

भराव फोडून भरता येतो हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. पण तसं लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग आधीच जागा का ठेवली नाही? नकाशा कोणाचा? ज्या माणसांची मी दहा वर्षं मनातल्या मनात टिंगल केली, त्या साबणवाल्या, काड्यापेटीवाल्या माणसांसमोर मूर्ख ठरायचं मला धाडस झालं नाही. मी लिहिलं, 'भराव एकदा फोडल्यास उधाणाच्या पाण्याने तो खचण्याचा संभव आहे.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. त्या खोलीतला सगळ्यात हलका माणूस मी होतो, आणि एवढ्या स्पर्धेत तो मान मिळवणं सोपं नव्हतं.

बाहेर येऊन मी आबांना सांगितलं की मंडळींनी ऐकलं नाही. त्यांनी 'बरं' म्हटलं.

साहेब आले, कमानीखालून मोटार गेली, फोटो निघाला. गलबत त्या फोटोत आलं आहे, माझ्या टोपीच्या मागे त्याची नाळ दिसते. तांडेल आठवडाभर थांबला. मग एका सकाळी तोच रस्ता चालून धक्क्यावर गेला आणि आगबोटीत बसला. आबांशी भांडला नाही. मला ओलांडून गेला तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही.

मोटारींचा धंदा अध्यक्षांच्या भाच्याने काढला होता. मोटारींच्या सांगाड्यांवर लाकडी टप बसवायला त्याला चांगल्या फळ्या हव्या होत्या. तीन वर्षं निवडून निवडून लावलेलं सागवान समोर उभं होतंच. आबा म्हणाले, "मी जोडलंय, मीच सोडवीन." दीड महिना ते एकटे खिळे उपटत होते. एकही फळी चिरली नाही. नंतर त्याच फळ्यांचे टप त्यांनीच बांधून दिले, आणि अध्यक्षांनी एका भाषणात सांगितलं की पाहा, आपले जुने कारागीर नव्या उद्योगात कसे सामावले जातात. टाळ्या पडल्या. पुढे दोन वर्षांत भरावापायी धक्क्यापुढे गाळ साचला आणि आगबोट खाडीत यायची बंद झाली. मोटार त्या सुंदर सरळ रस्त्याने धक्क्यापर्यंत जाई, तिथे काहीच नसे, म्हणून वळून परत येई. मग ती हातखंब्याकडे माणसं नेऊ लागली. गावाचा जुना धंदा नव्या वाहनातून जोरात चालू राहिला, आणि हे ज्याला प्रगती वाटतं त्याला मी काही समजावायला जात नाही.

फळ्या गेल्या, पण बरगड्या राहिल्या. वाकडी लाकडं मोटारीच्या कामाची नव्हती. आबांनी ती न्हाणीमागे रचून ठेवली आणि रोज सकाळी त्यांतला एखादा तुकडा तोडून चुलीत घालायला लागले. तो ढीग दोन वर्षं पुरला.

अशाच एका सकाळी मी टॉवेल घेऊन न्हाणीपाशी उभा होतो. आबा चुलीपुढे बसले होते. हातातल्या लाकडाचा वाक अजून तसाच होता. किती दिवस मनात होतं ते मी विचारलं, "आबा, भराव घालत होते तेव्हा तुम्हांला दिसलं नव्हतं?"

"पयल्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाही?"

"अपुरं व्हतं ना ते. कसं बोलनार?"

त्यांनी लाकूड चुलीत सारलं, जाळ नीट केला. मला वाटलं, झालं बोलणं. पण ते माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आनि रेघ तू मारलीस. तुला बोलायला आडकाठी नव्हती. मला वाटलं, तू वाट ठेवशील."

त्यांनी हंड्यात बोटं बुडवून बघितली.

"पानी तापलंय," ते म्हणाले. "आंघोळ करून घे, कचेरीला उशीर होईल."